माजघरातली विलायती नदी

नाही, तिथून नाही दिसायचं — दारातला उजेड काचेवर पडतो. तुम्ही असे आत या, अगदी आत, माजघरात यायला संकोच नको, या चित्रासाठीच तर आलात ना. हं, आता पाहा. नदी आहे. विलायतेतली. काठाला झाडं, पलीकडे देवळाचा — म्हणजे त्यांच्या चर्चचा — सुळका, आणि या दोन गाई, गुडघाभर पाण्यात. साहेबाच्या पणजोबांच्या वेळचं आहे म्हणे. तेलाचं नाही हो, पाण्यात कालवलेल्या जाड रंगाचं, ओलं बोट लागलं तरी सुटून येतो. मला कसं ठाऊक? अहो, या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मोलकरणीलासुद्धा.

आमचे हे पुलांच्या कचेरीत हेडक्लार्क होते. अठ्ठेचाळीस साली पार्कर साहेब मायदेशी निघाला, तेव्हा कुणाला कपबश्या दिल्या, कुणाला आरामखुर्ची, आणि आमच्या यांना हे. वर सांगून गेला — ऊन लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका, धूर लागू देऊ नका. साहेबाचं काय, सांगितलं आणि बोटीत बसला. ठाण्यात ओल नसलेली भिंत कुठे असते का हो? आमच्याकडे एकच आहे, ही. बाहेरच्या खोलीत पोपडे, स्वयंपाकघरात धूर, पडवीत ऊन. म्हणून नदी माजघरात, आणि आम्ही नदीच्या अवतीभवती. इथे उदबत्ती लावायची नाही. मासे तळायला घेतले की हे हातातला पेपर टाकून मधलं दार लावायला धावणार. मी हसण्यावारी नेत होते. माणसाला काही तरी नाद असतोच, दारू नाही, पत्ते नाहीत, नदी तर नदी.

पण बाळंतिणीला बंद खोली लागते. तुम्ही पुरुष, तुम्हाला काय सांगायचं — वारा लागता कामा नये, खाटेखाली शेगडी, अंघोळीनंतर बाळाला ओव्याची न् बाळंतशोपांची धुरी. आमच्या घरच्या बायका याच खोलीत बाळंत झाल्या. मीही झाले, माझी उत्तरा इथलीच. गेल्या वर्षी तीच उत्तरा पहिलटकरीण म्हणून कल्याणहून माहेरी आली, तर हे म्हणतात, धुरीनं रंग काळवंडेल. काढून ठेवा म्हटलं, तर म्हणतात, कुठे ठेवू? — आणि खाट पडली पडवीत. गोणपाटं टांगली, शेगडी ठेवली, धुरी केली, धूर सगळा वाऱ्यावर. आषाढ चालू होता. मुलगा झाला. नाक अगदी यांचं.

बारशापर्यंत राहिला नाही तो. छाती भरली. डॉक्टर म्हणाले, असं कुठेही होतं, पडवीचा काही संबंध नाही. नसेल. मी कुठे काय म्हणते? वर्षभर मी काही म्हटलं नाही आणि हेही बोलले नाहीत, तेच मला सोसत नाही. एकदा तरी म्हणावं, चुकलं. नाही तर ओरडावं माझ्यावर. ते नाही, दिवसभर इथे नदीकडे तोंड करून बसायचं आणि विचारायचं काय, तर पानं घेतलीस का. दगडाशी तरी भांडता येतं हो.

हे मी कशाला तुम्हाला सांगत बसले. मुद्दा असा की उत्तराला पुन्हा दिवस आहेत. विहीणबाई पाठवायला तयार नव्हत्या, त्यांचं तरी काय चुकलं? मी कल्याणला जाऊन पदर पसरला, माजघर मोकळं करते म्हणून शब्द दिला. आज संध्याकाळी येतेय ती. म्हणून सुधीरला — माझा धाकटा भाऊ — म्हटलं, जुन्या वस्तूंचा व्यापारी कुणी ओळखीचा असेल तर धाड, हे तलावपाळीवर फिरायला गेले असतील तेवढ्यात. मागाहून काय भांडायचं ते मी भांडेन. किमतीचं बोलू नका, फक्त —

काय? सुधीर कोण म्हणजे? मग तुम्हाला कुणी पाठवलं?

हे? हे स्वतः आले होते तुमच्या दुकानात, मुंबईला? ... सोमवारी. अहो, दात दाखवायला जातो म्हणून गेले होते. काय म्हणाले? नाही, नीट सांगा, त्यांचेच शब्द सांगा. ... 'मुलगी यायच्या आत न्या, आणि मी घरात नसताना न्या.' एवढंच? ... नातवाचंही सांगितलं. तुम्हाला. रडले? तुमच्या दुकानात बसून रडले?

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि मी मघापासून वेड्यासारखी — मला नाही सांगितलं. एका घरात राहतो आम्ही, त्यांच्या समोर बसून जेवते मी, आणि रडायला त्यांना परक्याचं दुकान लागलं. राग येतो हो मला, अजूनही येतो.

नाही, चहा नाही टाकत. खालून धरा, मी वरची दोरी सोडवते. सांभाळून, काच आहे. ... झालं. आता ते यायच्या आत निघा. भिंत मोकळी दिसली की आज तरी त्यांना माझ्याशी बोलावंच लागेल. जा तुम्ही.