दादाचं काळं पीक

हे कोणाला सांगायचं नाही, असं दादाने मला बजावलं आहे, म्हणून तुम्ही हसू दाबूनच ऐका.

माझा दादा यवतमाळच्या कॉलेजात कार्बनच्या नळ्या वाढवतो. तापलेल्या भट्टीत वायू सोडला की बोटभर पांढऱ्या वाटीत केसाहून कितीतरी बारीक, काळ्या नळ्या उगवतात. त्या प्लास्टिकमध्ये मिसळल्या तर फवारणीचा पंप हलका आणि मजबूत होईल, असं तो म्हणतो.

बाबा म्हणायचे, "कापसाले भाव नाही, अन् हा काजळी पिकवून राह्यला."

म्हणून बाबांना दाखवायला दादाने ती वाटी डब्यात ठेवून घरी आणली. सोमवारी ती सरांना द्यायची होती, नाहीतर भट्टी दुसऱ्या मुलाला मिळणार होती. तो हातपाय धुऊन येईपर्यंत आईने नेहमीसारखा त्याचा डबा घासायला घेतला.

"काय जाळलं रे यात? राखेनं दोनदा घासलं, तवा निघालं."

दादाने डब्यातली पांढरीशुभ्र झालेली वाटी उचलून पाहिली. "आई, ते काळंच पाहिजे होतं."

आईला फार वाईट वाटलं. तिने दिवा लावला, वाटी ज्योतीवर उपडी धरली आणि काळी करून आणून दिली. "घे, पहिल्याहून दाट आहे."

"आता सरांले काय सांगू मी?"

"सांग, दुबार पेरणी केली," बाबा म्हणाले.

दादाने सरांना खरोखर तेच सांगितलं. सर इतके हसले की भट्टी त्याच्याकडेच राहिली. फक्त त्यांनी एक अट घातली, की यापुढे डबा आईच्या हाती लागू द्यायचा...

हो आई, आली.