शांताआक्कांचा तोंडबंद स्कार्फ

निपाणीला परतल्यावर मी काय ठरवलं होतं, माहीत आहे? शेजारच्या शांताआक्कांना विड्या वळण्यातून सोडवायचंच! म्हणून त्यांना गोल सुईवर जाळीचा स्कार्फ विणायला शिकवलं. नळीसारखा, दोन्ही तोंडं उघडी, डोक्यातून गळ्यात घालायचा. बेळगावच्या दुकानात नमुना पसंत पडला, तर आक्कांना कायमचं काम मिळणार होतं.

बेळगावला निघताना मी तो कौतुकानं घालून बघितला, तर डोकं बाहेरच येईना. वरचं तोंड शिवलेलं!

"आक्का, हे बंद का केलंत?"

"उघडं ठिवलं तर तंबाखू सांडती की गं!"

बोलल्या आणि स्वतःच हसत सुटल्या. "विड्या सोडल्या, पर बोटांना कोण सांगणार?"

उसवला तर जाळीच सुटली असती, आणि दुसरा विणायला वेळ नव्हता. तोच घेऊन गेले. दुकानातल्या बाईंनी तो डोक्यावर चढवला, आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "टोपी झकास आहे. स्कार्फ कुठाय?"