चौथं किट

नाही, चौथं नाही देणार. दुकान माझंय. दिवस गेलेत का बघायची तीन किटं तू कालपासून नेलीस — आणि तुमचं जे काय व्हायचं ते झालं परवा! परवा! बरं, झालं काय नक्की? कपडे होते? दोघांच्याही अंगावर? जीन्स? तिचीही जीन्स? अरे, मग ते शुक्राणू आहेत की घरफोडे? दोन जाड पँटी पार करून, पत्ता विचारत विचारत आत शिरले? कपडे काढून अगदी जवळ आला असतात तर गोष्ट वेगळी, मग मी दिवस जाऊ नयेत म्हणून घ्यायच्या गोळीचं बोललो असतो. पण कपड्यावरून दिवस जात नाहीत, राजा. आणि किट दुसऱ्या दिवशी काय सांगणार, डोंबल? पाळी चुकली तर वापरायचं ते. पहिली दोन तिने वापरली, ठीक. तिसरं? — तू? स्वतःवर? किट चालतंय का बघायला! मग, आली गोड बातमी? नाही ना? अभिनंदन, तूही सुटलास.

रडू नकोस, काउंटर आत्ताच पुसलंय. काय? आज संध्याकाळी तिच्या वडिलांकडे लग्नाचं बोलायला जाणार? पंचवीस वर्षांचा घोडा तू — भीतीपोटी लग्न? आम्ही केलंय ना, आम्हाला विचार! आमच्या हिला आठ दिवस उशीर झाला, आणि आमच्यातही तुमच्याइतकंच झालेलं — म्हणजे काहीच नाही. तरी मी साक्षीदार पकडले, लग्न नोंदवायची तारीख घेतली. आदल्या दिवशी तिचा फोन — आली पाळी, उद्याचं राहू दे. मी म्हटलं, हॅलो, हॅलो, ऐकू येत नाहीये — आणि ठेवला. स्वच्छ ऐकू येत होतं रे. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून लग्न नोंदणीच्या ऑफिसातल्या बाकावर जाऊन बसलो. साक्षीदार म्हणाले, नाही येत ती, चल. साडेअकराला आली. का आली, ते — चौदा वर्षं झाली, मी विचारलेलं नाही. ती सांगत नाही, मी विचारत नाही. आणि लोकांना मी काय सांगतो? घाबरून केलं म्हणून...

तुला कशाला सांगतोय मी हे? जा. वडिलांकडे जा नाहीतर नको जाऊस, मला काय! आधी तिला तर विचार, शहाण्या. चल, बाजूला हो — हां काकू, बोला. खोकला कोरडा की ओला? अहो, ऐकलंत ते विसरा, खोकल्याचं बोला.