राघूसाठी लांबची लेन्स

कचरू : तुह्या पासपोर्ट फोटोसाठी आलो ना आपन? मंग हा शाकिर मले कॅमेरे काऊन दाखवून राह्यला?

बेबीताई : माह्या फोटोले मरन नाही. आज तुमच्यासाठी कॅमेरा घ्याचा हाये. खरं सांगतलं असतं तं तुम्ही वरवटले शाकिरच्या दुकानात आले असते का?

कचरू : माह्यासाठी! अवं, मी काय लग्नाच्या शुटिंगा घेतो काय?

शाकिर : लग्नाचं कायले काका, तुम्ही पाखरायचे फोटो काढता ना. काकूनं मोबाइल दाखवला मले. चारशे फोटो! पन खरं सांगू, रागावू नका. पाखरू कुठं हाये ते बोट ठेवून सांगा लागते.

कचरू : तुले नसंन दिसत. हिले दिसते. दरवेळी म्हन्ते, लय सुंदर हाये.

बेबीताई : ते राहू द्या. शाकिर, तू माल दाखव.

शाकिर : हा घ्या. एकदम नवा, डब्बाबंद. चोवीस मेगापिक्सेल, दोन वर्षं वॉरंटी. डब्यावर पाहा काकू, वाघाच्या मिशीचा केस न् केस दिसते.

बेबीताई : डब्यावरचं नोको सांगू बाप्पा. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावरही पेरूएवढालं बोंड होतं. हे दुकानातून नाचत आले, बीटी हाये म्हने, अळी लागतच नाही म्हने. बोंड फोडलं तं आत गुलाबी अळी बसेल होती. या कॅमेऱ्यानं पाखरू कसं दिसते, ते दाखव.

शाकिर : सवाल बरोबर हाये. मंग ईमानानं सांगतो. याच्यासंग येते ती लेन्स लहान. पाखरू ठिपकाच दिसीन, थोडा मोठा ठिपका. त्यापरीस हा जुना घ्या. बॉडी सहा वर्षाची, पन संग लांबची लेन्स. वावराच्या धुऱ्यावर बसून बाभळीवरच्या पाखराचा डोळा दिसते. लोक बॉडीवर भुलते काका, काम लेन्स करते.

कचरू : जुना म्हन्जे किती जुना? बैलाचं तोंड उघडलं का दात सांगते. याचं काय उघडाचं?

शाकिर : याचेही दात असते. हे पाहा, कॉम्प्युटरवर आकडा निघाला. आतापावतर पन्नास हजार फोटो काढेल हाये. असा कॅमेरा लाखभर काढते. अर्धं वय बाकी हाये.

बेबीताई : दे पाहू माह्या हातात. लेन्ससंग दे. हं... साडेआठशे ग्रामच्या वर नाही.

शाकिर : या अल्ला! तेवढंच भरते काकू. कसं वळखलं?

बेबीताई : बावीस वर्षं कापूस वेचून राह्यली. काट्याच्या अगोदर हात सांगते. यायच्या मानेले झेपते एवढं.

कचरू : पन घेतो कोन? कितीले हाये रे?

शाकिर : सोळा. तुम्ही पंधरा द्या.

कचरू : पंधरा हजार! ठेव वापस. घरावरचे टिनं गळून राह्यले अन् मी गळ्यात कॅमेरा घालून पाखरायमांगं फिरू? गाव हासंन. चाल व, उठ.

बेबीताई : टिनाचे पैसे वेगळे ठेवले. हे माह्या वेचणीचे हायेत. बसा खाली.

कचरू : अवं, हौसच हाये ना? हौशीपायी कोनी एवढं करते काय?

बेबीताई : सांगू? शाकिरसमोर सांगू?

शाकिर : मी चहा सांगून येतो काकू.

बेबीताई : बस रे, तुह्यापासून काय लपवाचं. अळीच्या साली यायनं कपाशीची उभी पऱ्हाटी उपटून फेकली. त्याच्यावर अकरा दिवस तोंडातून शब्द नाही. सकाळी उठाचं अन् धुऱ्यावर जाऊन बसाचं. माह्या जिवाचं पानी पानी होये. मी रोज मांगं जात होती.

कचरू : तू? तू तं रंगरावच्या वावरात निंदाले जात होती.

बेबीताई : नोती जात. आपल्याच तुरीत बसून राहत होती. तुमच्यावर नजर ठेवून.

कचरू : अकराही दिवस?

बेबीताई : अकराही. मंग बाराव्या दिवशी तुम्ही मोबाइल काढून बाभळीकडं धरला. घरी आले अन् म्हनले, बेबी, हा पाह्य, वेडा राघू. मले वाटलं, माह्या मानसाचा आवाज वापस आला. मी म्हनलं, हाव, लय सुंदर हाये. अन् चुलीपाशी जाऊन रडली.

कचरू : मले वाटलं, राघू पाहून रडली.

बेबीताई : राघू कुठं दिसला मले? फोटोत नुसतं आभाळ होतं. दोन वर्षं झाले, एकही पाखरू नाही दिसलं. हाव हाव म्हनून राह्यली.

कचरू : चारशे फोटो... अन् एकही नाही?

बेबीताई : एक बगळा दिसला होता. तो पांढरा असते म्हनून.

कचरू : शाकिर.

शाकिर : बोला काका.

कचरू : ती लांबची लेन्स नीट बसव. अन् दाबाचं कुठून ते दाखव.

(कचरू कॅमेरा डोळ्याला लावतो. बेबीताई घाईघाईनं पदर सारखा करते.)

बेबीताई : माह्याकडं कायले धरता? बाहेर तारेवर चिमण्या हायेत ना!

कचरू : हालू नोको. शाकिर, ही धुरकट काऊन दिसून राह्यली?

शाकिर : मांगं सरका काका. या लेन्सले जवळचं दिसत नाही.

कचरू : माह्यासारखीच हाये म्हना. एवढं बस का?

शाकिर : अजून एक पाऊल. हां, बस.

बेबीताई : थांबा, पह्यले माह्यी शर्त ऐका. शाकिर, पन्नास हजार बाकी हायेत ना? रोज दहा काढले तं किती दिवस चालीन हा?

शाकिर : थांबा, हिशेब करतो. चौदा वर्षाच्या आसपास.

बेबीताई : मंग रोज दहा. कमी नाही चालाचे. अन् दिवस बुडाच्या आत घरी येऊन दहाही मले दाखवाचे. आता मी खोटं हाव म्हननार नाही.

कचरू : हास जराशी. हां. एक झाला. आता नऊ राह्यले.