‘ॲमरिलिस’ची होडी

सन्माननीय अध्यक्ष रेव्हरंड क्रॅडक, आजचे सत्कारमूर्ती महामहिम गव्हर्नर सर राल्फ थॉर्नबरी, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आणि मटणाच्या वासाने वेळेआधी आलेल्या माझ्या बेटवासी बंधुभगिनींनो,

बंदर अधिकारी म्हणून दोन शब्द बोलायची मला आज्ञा झाली आहे. यायला उशीर झाला, धक्क्यावर काम निघालं. त्याबद्दल बोलतोच.

सरांची कारकीर्द कोणाला ठाऊक नाही? आधी आरमारात कप्तान, मग आमचे गव्हर्नर, आणि आता रिओच्या दरबारात राणीसरकारचे वकील. पाण्यातून वर आलेला माणूस किती वर जावा! सरांचं जहाज ‘ॲमरिलिस’ बाहेरच्या खडकावर फुटलं तेव्हा एकच होडी शाबूत होती. तिच्यातून सर किनाऱ्याला लागले. निघताना डेकवरच्यांना शब्द दिला होता, “होडी परत पाठवतो.” पण समुद्र खवळलेला, होडी मोलाची; ती किनाऱ्यावरच राहिली. चौकशी समितीने सरांच्या सावधपणाची तारीफ केली. डेकवरच्या मंडळींचं मत घेता आलं नाही.

ती होडी वल्हवणारा टुलक आज माझा रखवालदार आहे. आरमाराची रीत तुम्ही जाणता. अंधुक उजेडात होडी आली की पहारेकरी विचारतो, “होडीत कोण?” नुसते खलाशी असले तर उत्तर येतं, “नाही, नाही!” कप्तान असला तर जहाजाचं नाव. त्या वर्षापासून धुकं पडलं की आमच्या धक्क्याशी वल्ही वाजतात. टुलक विचारतो. “नाही, नाही!” असं उत्तर येतं, आणि वल्ही माघारी जातात.

मी सरांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, “पेंडर, रम कमी करा.” मी केली. उत्तर येतच राहिलं. सरांनी मात्र आपल्या बंगल्याच्या समुद्राकडच्या खिडक्या विटांनी बुजवून घेतल्या. थंडीमुळे, म्हणे.

समोर मिसेस मज बसल्या आहेत. त्यांचे यजमान त्या डेकवर होते. त्या मला म्हणाल्या, “अरे जोसाया, भितोस काय? जहाज त्यांचं आहे, होडी आहे. कप्तान तेवढा नाही. न्यायला येतात बापडे.”

आज सरांना न्यायला डाकबोटीची होडी यायची होती. धुक्यामुळे ती सकाळपर्यंत येत नाही. तरी मघाशी वल्ही वाजली. टुलक म्हणाला, “मालक, आज हाक तुम्हीच मारा. मला आवाज ओळखू येतात.” मी मारली.

उत्तर आलं, “ॲमरिलिस!”

टुलकने कंदील खाली धरला. मानवंदनेसाठी वल्ही उभी धरलेली, निथळणारी. ती धरणारे हात मी पाहिले. वर कंदील नेऊ दिला नाही. मागची जागा रिकामी, तिच्यावर गादी अंथरलेली. सगळ्या होडीत तेवढीच कोरडी. या वेळी ती माघारी गेली नाही. धक्क्याला लागून उभी आहे.

आता कप्तान इथे बसलेला असताना आरमाराचे खलाशी खोटं बोलतील का? फार तर जरा आधी बोलले असतील.

असो. वर्गणीतून घेतलेलं हे चांदीचं तबक... सर, आपण उठलात? तबक राहू दे म्हणता? बरं. अहो, कोणीतरी त्यांची टोपी द्या. दाराशी बसलेल्यांनी वाट करा. त्यांना अडवू नका, रेव्हरंड, त्यांना कुणीही ओढलेलं नाही.

आपण सगळे आलात, आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर इथल्यांनी पोटात घालावं, आणि बाहेर धक्क्यावर थांबलेल्यांनीही. मिसेस मज काहीतरी म्हणतायत. मागे ऐकू गेलं नसेल, मी मोठ्याने सांगतो:

“कप्तान, पोचलात की होडी परत पाठवा.”