बोल्ट

—नाही साहेब, वजन वेगळं, तोल वेगळा. वजन सगळेच विचारतात. पूलची स्टिक अशी बोटावर आडवी धरा, सरकवा—हां, आता पडत नाही ना? हा तिचा तोल. बुडापासून अठरा-एकोणीस इंच. तुम्ही म्हणता, मागे घ्या. घेता येतो की. बुडाचं रबर काढायचं, आत जड बोल्ट बसवायचा, झालं. पण मग टोक हलकं होतं, हातात तरंगल्यासारखं. जवळचा बॉल गोड जातो—लांबचा मारताना टोक उचललं जातं आणि बॉल पॉकेटच्या काठावर आपटून बाहेर. खेळणाऱ्याला वाटतं, आपलाच हात चुकला. स्टिकवर कोण संशय घेतो? नवनाथनंही नाही घेतला.

नवनाथ म्हणजे माझा जोडीदार. एकलहऱ्याच्या कॉलनीत शेजारी राहायचो, एकाच टेबलावर पूल शिकलो. चांगला तोच खेळायचा, मला माहीत होतं. शहाण्णव साली या क्लबानं स्पर्धा ठेवली—जिंकेल त्याला इथे शिकवायची नोकरी. फायनलला आम्ही दोघंच. स्टिक दुरुस्त करायचं काम तेव्हाही माझ्याकडेच, आदल्या दिवशी नवनाथ म्हणाला, "लहानू, टोकाची टिप बदलून दे." दिली बदलून. आणि बोल्टही बदलला. तोल इंचभर मागे गेला, जास्त नाही. खेळताना म्हणाला, "आज जड लागतेय रे." मी काय म्हणालो? म्हणालो, "स्टिक तीच आहे, तुझं मनगट आखडलं असेल." हे ठरवलेलं नव्हतं बरं का—तोंडातून गेलं. पण तिथंच खचला तो. बोल्टानं हरला असता की नाही, कोण जाणे.

रात्री जुना बोल्ट परत बसवला मी. तरी दुसऱ्या दिवशी हा चुकतोच आहे, तिसऱ्या दिवशीही. दोन वर्षं मनगट शेकत होता. नाशिकरोडचे डॉक्टर, इंजेक्शनं, पट्टा. त्याची बायको स्नेहा विचारायची, "भावजी, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणायचो, "विश्रांती द्या वहिनी." मग त्यानं खेळणंच सोडलं. मी इथेच आहे, ह्याच नोकरीत.

परवा सांगितलं त्याला. सात वर्षांनी. का, ते मलाही नाही कळलं—चहा पीत होतो, सांगून टाकलं. वाटलं, मारेल. मारावं असंही वाटलं थोडं. त्यानं कप खाली ठेवला, उजवं मनगट डाव्या हातात धरलं, वळवून पाहिलं, पुन्हा वळवून पाहिलं. म्हणाला, "म्हणजे दुखत नव्हतं तर." आणि उठून गेला. मला रडू नाही, भीती नाही, काहीच नाही. घरी जाऊन जेवलो. आज वेळेवर आलो, टेबलांना ब्रश मारला, तेवढ्यात तुम्ही—

काय म्हणालात? तो आता पुन्हा खेळेल का? नाही साहेब, ते मला नका विचारू. स्टिक ठेवा तिथे. या आता तुम्ही.