बाबांची चक्कर

तुम्ही बाबांना ओळखता ते त्यांचे डोळे गेल्यापासून. त्याआधी पेण-रोहा रस्त्यावर त्यांची टॅक्सी होती. काचबिंदूनं नजर गेल्यापासून तीच गाडी मी चालवते आणि ते शेजारी बसतात.

एकदा रोह्याला जाताना म्हणाले, "पुढून खटखट येतेय गो. स्टिअरिंगपण ढिलं असेल." होतंच. रोह्यात मेकॅनिकनं पुढचं चाक जॅकवर उचललं, दोन्ही हातांनी आडवं हलवलं आणि म्हणाला, "स्टिअरिंगला चाकं जोडणारे टाय रॉड झिजलेत." ते बदलून, चाकं सरळ करून त्यानं मला सांगितलं, "ताई, एक चक्कर मारून बघा."

बाबा हळूच म्हणाले, "मी मारू?"

गॅरेजमागे मैदान होतं. तिथं कुणी नाही हे बघून मी बाबांना स्टिअरिंगवर बसवलं आणि हँडब्रेक धरून शेजारी बसले. पहिल्या गिअरमध्ये गाडी अगदी सावकाश, सरळ गेली. रस्ता जवळ आल्यावर मी म्हटलं, "बाबा, थांबा आता."

ते थांबले, पण स्टिअरिंग सोडेनात. "रस्त्यावर कुणी हात करतंय का गो गाडीला?"

रस्ता रिकामा होता. "व्हय, दोघं हायत," मी म्हटलं.

बाबांनी हॉर्न दिला. मग दार चाचपून उतरले आणि मला जागा करून दिली.